दारू तीच, मरण वेगळे



स्टेट कॉलेजमध्ये राहणाऱ्या माणसाला दारू हा विषय नवीन नाही. फुटबॉलच्या शनिवारी बीव्हर स्टेडियमच्या बाहेर सकाळपासून टेलगेटिंग सुरू असते आणि रविवारी सकाळी डाउनटाउनमध्ये फिरायला गेलात तर रस्त्याकडेला प्लॅस्टिकचे पेले दिसतात. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत दारू नसते, पण कार्यक्रमानंतर कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये 'बसायचे' ठरते, हेही सर्वांना ठाऊक आहे.

अशाच एका बैठकीत भारतातल्या विषारी दारूच्या बातमीचा विषय निघाला. कोणीतरी सहज म्हणाले, "पितात म्हणून मरतात, त्यात काय एवढे!" मीही मान डोलावली. घरी आल्यावर लक्षात आले की हे वाक्य म्हणताना आमच्या प्रत्येकाच्या हातात ग्लास होता. मग पिणारे सगळेच, आणि मरणारे मात्र ठरावीकच, हे कसे? या प्रश्नामागे लागून जे वाचले ते सोप्या भाषेत येथे मांडत आहे. मी डॉक्टर नाही, संगणक क्षेत्रात काम करणारा माणूस आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला समजू नये.

दोन घटना

पहिली घटना आपल्याच गावातली. फेब्रुवारी २०१७ मध्ये टिमोथी पियाझा हा पेन स्टेटचा १९ वर्षांचा विद्यार्थी एका फ्रॅटर्निटीच्या घरात खूप दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला. मदतीसाठी फोन केला गेला तो जवळजवळ १२ तासांनी. दोन दिवसांनी तो गेला. ही बातमी देशभर गाजली, खटले उभे राहिले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्याच्या नावाने रॅगिंगविरोधी कायदा झाला.

दुसरी घटना मुंबईची. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागातील लक्ष्मीनगर वस्तीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली. बहुतेक सगळे हातावर पोट असणारे. २०२४ मध्ये सत्र न्यायालयाचा निकाल लागला. चौदा आरोपींपैकी चार दोषी ठरले, दहा सुटले. निकालाला जवळपास नऊ वर्षे लागली. त्या शंभर जणांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

पियाझा कुटुंबाचे दुःख लहान आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण एका मृत्यूने कायदा बदलला आणि शंभर मृत्यू आकडा बनून राहिले. विषमता इथून सुरू होते आणि बरीच खोलवर जाते.

आधी थोड्या व्याख्या

दारूमुळे होणारे मृत्यू ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

१. थेट दारूचे मृत्यू : दारूमुळे यकृत निकामी होणे, व्यसनाचे दुष्परिणाम, एकाच वेळी अतिप्रमाणात पिणे.

२. दारूचा हात असलेले मृत्यू : अपघात, मारामारी, आत्महत्या, काही कर्करोग, रक्तदाब आणि हृदयविकार, क्षयरोग. नेहमी जास्त पिणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो.

३. भेसळीचे मृत्यू : यात जीव जातो तो मुख्यतः दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले, म्हणजे सर्व मृत्यूंच्या ४.७ टक्के. ढोबळ हिशेबाने दर २१ मृत्यूंमागे एक.

भारतातला आकडा नेमका काढणे कठीण आहे. आपल्याकडे नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू चारांत एकाहूनही कमी आहेत. बाकीच्यांच्या बाबतीत 'कावीळ झाली', 'झोपेतच गेला', 'छातीत दुखले' एवढेच घरच्यांना माहीत असते. ज्याचे मरण नीट नोंदले जात नाही तो बहुधा गरीब असतो. म्हणजे आपल्यापर्यंत येणारी आकडेवारी हीसुद्धा विषमतेची बाजू कमीच दाखवते.

कोड्यात टाकणारे आकडे

आपला सर्वसाधारण समज असा की गरीब जास्त पितात म्हणून जास्त मरतात. आता हे पाहा.

अमेरिकेत गॅलपच्या २०२१ ते २०२३ च्या पाहण्यांत वर्षाला एक लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या घरांतील साधारण पाचांपैकी चार प्रौढांनी आपण दारू पितो असे सांगितले. चाळीस हजार डॉलरच्या खालच्या घरांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे अमेरिकेत पिणारे जास्त आहेत ते श्रीमंतांत.

स्कॉटलंडमध्ये याचा बारकाईने अभ्यास झाला. तिथे पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या आरोग्य पाहणीची माहिती त्यांच्या पुढील काळातील रुग्णालय आणि मृत्यूच्या नोंदींशी जोडण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की दोन माणसे सारखीच दारू पीत असतील तरी त्यातल्या गरीब माणसाला होणारी इजा बरीच जास्त असते. धूम्रपान आणि वजन यांचा फरक हिशेबातून वजा केला तरी अंतर शिल्लक राहिले. स्कॉटलंडच्या सर्वात वंचित भागांत थेट दारूमुळे होणारे मृत्यू सर्वात सधन भागांच्या चौपटीहून जास्त आहेत, असे २०२३ च्या सरकारी आकड्यांतही दिसते. संशोधक याला दारूच्या हानीचा विरोधाभास म्हणतात.

आमच्या भाषेत सांगायचे तर इनपुट एकच, प्रोग्राम एकच, पण मशीन वेगवेगळे असल्यामुळे आउटपुट वेगळा येतो. मग या 'मशीन'मध्ये नेमका काय फरक आहे ते पाहू.

एकाच क्वार्टरचा वेगळा हिशेब

आधी मोजमाप. अमेरिकेत एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल : साधारण ३५५ मिली बीअर, १५० मिली वाइन किंवा ४५ मिली व्हिस्की. आपल्याकडची १८० मिलीची व्हिस्कीची क्वार्टर (४२.८ टक्के) घेतली तर त्यात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल भरते. म्हणजे एक क्वार्टर चार 'ड्रिंक्स'पेक्षा जास्त. तरी माणूस म्हणतो, "फक्त एक क्वार्टर घेतली!"

मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये एक मामा होते. पहाटे चारला उठून कणीक मळायचे, रात्री अकराला भांडी आवरून झाली की कोपऱ्यावरच्या देशी दारूच्या दुकानात जायचे. आम्ही मुले शनिवारी त्याच रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये जात असू आणि परीक्षा संपली की मामांपेक्षा कितीतरी जास्त ढोसत असू. मी शेवटच्या वर्षाला असताना मामा गेले. चाळिशीतच होते. गावाकडून निरोप आला, "कावीळ झाली होती." आमच्यातले सगळे आज धडधाकट आहेत. दोघातिघांना डॉक्टरांनी 'फॅटी लिव्हर' सांगितले आहे, आणि ते सकाळी पळायला जातात.

मामांच्या आणि आमच्या पिण्यात काय फरक होता त्याची ही यादी :

१. पोटात काय होते. आमच्यासमोर चकणा असे, नंतर जेवण असे. मामा दिवसभराच्या कामानंतर उपाशीपोटी प्यायचे. दारूत उष्मांक असतात, पोषण नसते. कुपोषित शरीरात प्रथिने आणि बी-१ जीवनसत्त्व कमी पडते, त्याचा परिणाम यकृतावर, नसांवर आणि मेंदूवर होतो.

२. आधीचे आजार. हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्याला दारू लवकर पोखरते. आपल्याला लस मिळालेली असते, तपासणी झालेली असते. कष्टकऱ्याला आपल्याला असा काही आजार आहे हे ठाऊकच नसते.

३. पिण्याचे कारण. आमचे पिणे मौजेसाठी होते. दिवसभर ओझी वाहणारा, गटारात उतरणारा किंवा शवागारात काम करणारा माणूस अंगदुखी विसरायला आणि वास सहन करायला पितो. ती गरज रोजची असते, म्हणून पिणेही रोजचे होते.

४. परतीचा रस्ता. आम्ही रिक्षाने परतत असू. कष्टकरी माणूस पायी, सायकलवर किंवा अंधाऱ्या रस्त्याच्या कडेने जातो, कधी तिथेच झोपतो.

५. धोक्याची सूचना. नोकरदाराची वर्षातून एकदा रक्ततपासणी होते आणि यकृताचा आकडा वाढला की डॉक्टर दटावतात. मजुराला पहिली सूचना मिळते ती पोटात पाणी भरल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

६. उपचार. यकृत प्रत्यारोपणाचा खर्च खासगी रुग्णालयात लाखोंच्या घरात जातो. मजुराच्या बाबतीत तो प्रश्न कोणी विचारतही नाही.

७. सुट्टी आणि माफी. साहेब सोमवारी 'सिक लीव्ह' टाकतो. मजुराचा खाडा झाला की रोजंदारी जाते, मग कर्ज, मग भांडण, मग पुन्हा दारू.

यातल्या एकाही मुद्द्यात 'तो जास्त प्यायला' हे कारण नाही, हे लक्षात घ्या.

विषारी दारू : स्वस्ताईची किंमत

मालवणीची घटना एकटी नाही. १९९१ च्या डिसेंबरात विक्रोळीत विषारी दारूने नव्वदच्या आसपास माणसे गेली. बरोबर तेरा वर्षांनी, डिसेंबर २००४ मध्ये, त्याच विक्रोळीत पुन्हा ऐंशीहून अधिक गेली. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर गुजरातमधील बोटाद (२०२२), बिहारमधील छपरा (२०२२) आणि तमिळनाडूतील कळ्ळकुरिची (२०२४). गावे बदलतात, मरणाऱ्यांचे व्यवसाय बदलत नाहीत.

याचे अर्थशास्त्र सरळ आहे. कायदेशीर दारूच्या किमतीत कराचा वाटा मोठा असतो. मिथेनॉल हे उद्योगात लागणारे रसायन आहे. ते स्वस्त मिळते आणि चवीला, वासाला नेहमीच्या अल्कोहोलसारखेच लागते. विकणारा ते हातभट्टीच्या मालात मिसळतो किंवा नुसते पाणी घालून विकतो. मुंबईत अशा मालाला 'खोपडी' हे नाव पडले आहे. परमिट रूममधल्या गिऱ्हाईकाला हा धोका जवळजवळ नसतो. पिशवीतली दारू घेणाऱ्याला तो रोज असतो.

शरीरात गेल्यावर मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल डोळ्यांच्या नसेवर आणि पेशींच्या श्वसनावर घाव घालते. सुरुवातीला फक्त नेहमीसारखी झिंग वाटते. खरी लक्षणे बारा ते चोवीस तासांनी येतात : पोटात कळा, उलट्या, धाप लागणे, डोळ्यांसमोर धुके किंवा पांढरे दिसणे. घरचे म्हणतात, उतरली नाही अजून, झोपू दे. आणि तिथेच वेळ जातो.

यावर उपाय आहे, आणि तो वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. फोमेपिझोल हे औषध किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले इथेनॉल मिथेनॉलचे विषात रूपांतर होणे रोखते, आणि डायलिसिसने विष बाहेर काढता येते. म्हणजे इथेही जीव वाचणार की जाणार हे डायलिसिसची सोय किती जवळ आहे आणि किती तासांत मिळते यावर ठरते.

आणखी एक घटना सांगायला हवी. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांत दारूची दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सात जण सॅनिटायझर पिऊन गेले. त्याआधी मे २०२० मध्येच राज्य सरकारने परवानाधारकांना दारू घरपोच मिळण्याची सोय केली होती. एकाच राज्यात, एकाच साथीत, एकाला दारू दारापर्यंत आली आणि दुसऱ्याने हात धुण्याचे रसायन प्यायले.

कायदा कोणासाठी?

या विषमतेला जुना इतिहास आहे. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू गाळण्याचा हक्क सरकारच्या हाती घेतला आणि १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही बंधने आणली. आदिवासी आपल्या घरी मोहाची दारू गाळत तो गुन्हा झाला आणि ठेकेदाराची दारू कायदेशीर झाली. सरकारच्या तिजोरीला हे फायद्याचे होते. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेतला होता, कारण त्यात उद्ध्वस्त होणारी घरे कोणाची हे त्यांना दिसत होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाई तिचे खंदे पुरस्कर्ते होते. पण या कायद्यात प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळण्याची तरतूद होती. ज्याचा ओळखीचा डॉक्टर होता त्याला 'औषध' म्हणून चांगली दारू मिळाली. ज्याचा नव्हता तो हातभट्टीकडे गेला. साठच्या दशकापासून ही बंदी सैल होत गेली, पण त्या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत उभे राहिलेले हातभट्टीचे जाळे काही गेले नाही.

अमेरिकेने १९२० ते १९३३ या काळात हाच अनुभव घेतला. बंदीपूर्वी तळघर भरून ठेवणे श्रीमंतांना शक्य होते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळत होती. गरिबांनी उद्योगातले विष मिसळलेले स्पिरिट प्यायले. १९३० मध्ये 'जमेका जिंजर' नावाच्या भेसळयुक्त अर्काने हजारो गरीब माणसांचे पाय लुळे पडले.

दारूबंदीचे तीन जिल्हे

मग दारूबंदी चूकच का? इतके सोपे उत्तर नाही, कारण महाराष्ट्रात बंदीची मागणी खालून, बायकांकडून आली आहे.

वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वारशामुळे सत्तरच्या दशकापासून बंदी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने दारूमुक्तीची मोठी चळवळ झाली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी लागू झाली. तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम चालतो. त्यात गावागावांतील संघटना, अवैध विक्रीला आळा आणि व्यसनींवर उपचार हे एकत्र आणले आहे. चंद्रपूरमध्ये अ‍ॅड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली 'श्रमिक एल्गार'च्या हजारो महिलांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानसभेपर्यंत पायी मोर्चा नेला. २०१५ मध्ये तिथे बंदी झाली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, असे कारण देण्यात आले.

बाकीच्या महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान आहे. ठरावीक संख्येने महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होते, आणि ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद करावे लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के पितात आणि स्त्रियांपैकी एक टक्क्याच्या थोड्या वर. म्हणजे प्यायचे त्याने आणि निस्तरायचे तिने. नवरा गेल्यावर कर्ज तिच्या नावावर राहते, आणि 'दारुड्याची बायको' हे बिरुदही. दारूच्या मृत्यूंची गणना करताना मागे राहिलेल्यांचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. चंद्रपूरच्या बायका शंभरावर किलोमीटर का चालल्या, याचे उत्तर त्या रकान्यात आहे.

माझे मत विचाराल तर नुसती बंदी आणि नुसती मोकळीक दोन्ही गरिबाच्याच जिवावर येतात. बंदीच्या जोडीला उपचार आणि गावाचा पाठिंबा असेल तरच तिला अर्थ राहतो.

किंमत वाढवून उपयोग होतो का?

स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूच्या प्रत्येक युनिटला किमान ५० पेन्स किंमत ठरवून दिली. उद्देश असा की अतिस्वस्त आणि कडक दारू बाजारातून जावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे थेट दारूचे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले, आणि सर्वात जास्त घट वंचित भागांत दिसली. सप्टेंबर २०२४ अखेर ही किंमत ६५ पेन्स करण्यात आली.

महाराष्ट्रानेही जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढवले. १८० मिली देशी दारूची किमान किंमत ८० रुपये आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५ रुपये ठरली. मुख्य हेतू महसूल वाढवणे हा होता. पण स्कॉटलंडमध्ये महाग झालेल्या बाटलीशेजारी हातभट्टीची पिशवी विकली जात नाही. आपल्याकडे जाते. त्यामुळे मिथेनॉलच्या वाहतुकीवर आणि विक्रीवर कडक नजर ठेवल्याशिवाय केवळ किंमत वाढवली तर काही गिऱ्हाईक दारू कमी करतील आणि काही थेट खोपडीकडे वळतील.

अमेरिकेतही तेच

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या हिशेबाने २०२०-२१ मध्ये अतिमद्यपानामुळे वर्षाला सुमारे १ लाख ७८ हजार मृत्यू झाले. मूळ अमेरिकन आदिवासींमध्ये दारूमुळे मृत्यूचा दर सर्वाधिक आहे. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी २०१५ पासून दाखवून दिले की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांत आत्महत्या, अमली पदार्थ आणि दारूमुळे यकृताचे आजार यांनी होणारे मृत्यू वाढले, आणि ही वाढ मुख्यतः चार वर्षांची पदवी नसलेल्यांत आहे. या मृत्यूंना त्यांनी 'हताशेचे मृत्यू' म्हटले.

आपण पदव्यांच्या गावात राहतो. पण डोंगर ओलांडून क्लिअरफिल्डच्या कोळशाच्या, अल्टूनाच्या रेल्वेच्या किंवा जॉन्सटाउनच्या पोलादाच्या मुलखात गेलात की पदवी नसताना चांगले घर चालवता येत होते तो काळ कसा संपला ते दिसते. मालवणीचा रंगारी आणि इथला बेकार झालेला पोलाद कामगार एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांची गोष्ट सारखी आहे.

उपचार : सर्वात मोठी दरी

केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. व्यसनाच्या पायरीला पोहोचलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणता तरी उपचार मिळतो, आणि १८० पैकी एकाला रुग्णालयात दाखल होऊन.

आपल्याकडे चांगली कामे आहेत. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'मुक्तांगण' सर्वांना माहीत आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला सुरुवातीला मोठा हातभार लावला होता. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या मराठीतून सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात आणि त्यांना फी नसते. तरीही ३८ मधल्या उरलेल्या ३७ जणांपर्यंत यातले काही पोहोचत नाही.

एक महत्त्वाची सूचना. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला "आजपासून एकदम बंद" असे सांगणे जिवावर बेतू शकते. हात थरथरणे, घाम, भास होणे आणि झटके येणे ही लक्षणे दोन-तीन दिवसांत दिसू लागतात आणि उपचार न केल्यास माणूस दगावू शकतो. देवापुढे शपथ घ्यायला लावून घरात कोंडण्यापेक्षा डॉक्टरकडे न्यावे. दारूची ओढ कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत.

आपण काय करू शकतो?

- भारतात घरी कामाला येणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, शेतावरचा गडी यांच्या घरात कोणाचे व्यसन असेल तर उसने पैसे देण्याबरोबर उपचाराची चौकशीही करा. एका फोनने काम होऊ शकते. भारतातील व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

- दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी कोणाला अंधुक दिसत असेल तर 'उतरेल' म्हणून थांबू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायले ते स्पष्ट सांगा.

- इथे कोणी बेशुद्ध झाला असेल तर ९११ ला फोन करायला कचरू नका. २१ वर्षांखालील मुलाने मित्रासाठी प्रामाणिकपणे मदत मागितली आणि त्याच्याजवळ थांबला, तर पेनसिल्व्हेनियाचा कायदा त्याला संरक्षण देतो. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगा.

- आपल्यातल्याच कोणाचे पिणे वाढले असेल तर १-८००-६६२-४३५७ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मनाची अवस्था फारच बिकट असेल तर ९८८. विमा, पगार आणि डॉक्टर असूनही आपल्या समाजात लोक मदत घेत नाहीत ते लाजेपोटी. ज्या गोष्टी मामांकडे नव्हत्या त्या आपल्याकडे आहेत. त्या वापरायला तरी लाजू नये.

- देणगी देताना शाळा-मंदिरांबरोबर व्यसनमुक्तीच्या कामाचाही विचार व्हावा, असे मला वाटते. पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे.

शेवटी, त्या बेसमेंटमधल्या वाक्याकडे परत येतो. "पितात म्हणून मरतात" हे अर्धेच खरे आहे. पितात तर आपणही. मामा गेले तेव्हा आम्ही वर्गणी काढून त्यांच्या घरी पैसे पाठवले आणि मोकळे झालो. ते आजारी होते, डोळे पिवळे दिसत होते, हे आम्ही रोज ताट घेताना पाहत होतो. 'दवाखान्यात चला' असे म्हणायचे आमच्या चारशे जणांपैकी एकालाही सुचले नाही.

काही चुकले असल्यास जरूर कळवा, दुरुस्ती करीन. चू. भू. द्या. घ्या.